वाड्यावरचे नेतृत्व कसे घडते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, फोंडा आणि पेडणे या तालुक्यांतल्या वाड्यांवर, म्हणजे गावातल्या वस्त्यांवर, आम्ही रहिवाशांसाठी नेतृत्वाचे वर्ग घेतो. वर्गाआधी आणि वर्गानंतर फोनवर, चिठ्ठीवर किंवा देवळाच्या मंडपात उभ्या उभ्या जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे विषय एकमेकांत गुंतले आहेत, तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वाड्याचा नेता म्हणजे पंचच ना? मग आणखी एक माणूस कशाला तयार करायचा?

पंच निवडून येतो. त्याला पाच वर्षांची मुदत असते आणि पंचायतीच्या बैठकीत मत असते. गोवा पंचायत राज कायदा, १९९४ प्रमाणे गावाच्या लोकसंख्येनुसार पाच ते अकरा पंच असतात. राज्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. एका पंचाच्या प्रभागात बहुतेक वेळा दोन-तीन वाडे येतात. प्रत्येक घरातली अडचण त्याच्या कानावर वेळेत जाईलच असे नाही.

वाड्याच्या नेत्याकडे सही नसते, शिक्का नसतो. वाड्यातली गोष्ट योग्य दारात कागदावर पोचवायची आणि तिथून आलेले उत्तर पुन्हा वाड्याला सांगायचे, एवढेच त्याचे काम. यातला दुसरा भाग जास्त विसरला जातो. अर्ज दिला जातो, पण त्याचे पुढे काय झाले हे चार घरांपलीकडे कुणालाच कळत नाही. तिथून "काही होत नाही" हा समज पसरतो.

२. वर्गाला कोण येऊ शकते? शिक्षण किती लागते?

वाड्यावर राहणारी कोणीही प्रौढ व्यक्ती. शिक्षणाची अट नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका वर्गाला आल्या आहेत आणि घराघराची माहिती त्यांनीच सगळ्यात नेमकी सांगितली आहे. लिहिण्याचे काम सोबतचे कोणी करते.

आमची एकच अट आहे. एका वाड्यावरून एकटा माणूस घेत नाही, तीन-चार जण एकत्र यावे लागतात. एकटा नेता आजारी पडला, नोकरीसाठी दुबईला गेला किंवा रागावून घरी बसला की सगळे थांबते. तिघा-चौघांत निदान दोन बायका आणि तिशीच्या आतला एक जण असावा असा आमचा आग्रह असतो.

३. नेमके काय शिकवता? नुसती भाषणेच असतात का?

भाषणे जवळजवळ नसतात. पहिल्या दिवशी वाडा पायी फिरायचा. गटार कुठे तुंबते, पाण्याचा नळ कुठे सुटतो, रात्री कुठे काळोख असतो, एकटे राहणारे वृद्ध कोणत्या घरात आहेत, हे बघत जायचे आणि कागदावर हाताने नकाशा काढायचा. वाड्यावर जन्म काढलेली माणसेही या फेरीत "हे घर इतके मागे आहे हे माहीत नव्हते" असे म्हणतात.

त्यानंतर खरा नकाशा. सर्व्हे नकाशा कसा वाचायचा, एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीचा उतारा) मालक कोण आणि कूळ कोण हे कुठे लिहिलेले असते, हे शिकवायला आम्ही पुष्कळ वेळ देतो. याला गोव्याचा एक अनुभव कारणीभूत आहे. राज्यातली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि २००७ साली सरकारला तो मागे घ्यावा लागला. पुढे २०२१ च्या आराखड्यासाठी गावागावांकडून सूचना मागवण्यात आल्या. तेव्हा अनेक गावांत साध्या माणसांनी प्रथमच आपल्या गावाचा नकाशा पसरून शेत कुठे, डोंगर कुठे, व्हाळ (ओढा) कुठे, हे स्वतः तपासले. ज्याला नकाशा वाचता येतो त्याला कुणी सहज गुंडाळू शकत नाही. हे कौशल्य तेव्हाच्या पिढीबरोबर संपून चालणार नाही.

तिसरा भाग बैठक चालवण्याचा. वेळेत सुरू करणे, विषय एक एक घेणे, नेहमी बोलणाऱ्याला थोडे थांबवणे, गप्प बसलेल्याला विचारणे आणि शेवटी कोण, काय, कधीपर्यंत करणार हे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवणे. चौथा भाग पत्रव्यवहाराचा, त्याबद्दल प्रश्न ६ आणि १२ मध्ये लिहिले आहे. ग्रामसभेचा सराव स्वतंत्र असतो, त्यासाठी प्रश्न ५ वाचा.

४. सुरुवातीला कोणते काम हाती घ्यावे?

छोटे, सगळ्यांना दिसणारे आणि दोन-तीन महिन्यांत संपणारे. बंद पडलेले रस्त्यावरचे दिवे हे फार चांगले पहिले काम. रात्री फिरून कोणता खांब बंद आहे ते लिहायचे, खांबावर नंबर असेल तर तो टिपायचा, वीज खात्याच्या १९१२ वर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक वहीत लिहायचा आणि यादीची एक प्रत पंचायतीला द्यायची. पैसे लागत नाहीत, भांडण होत नाही आणि दिवा लागला की सगळा वाडा बघतो.

देवस्थानातला मानपानाचा किंवा महाजनांचा (देवस्थानाच्या वंशपरंपरागत सदस्यांचा) वाद पहिले काम म्हणून कधीच घेऊ नये. देवस्थानांसाठी वेगळी नियमावली आहे आणि तिथे प्रशासक म्हणून मामलेदार असतात. तो विषय त्यांच्याच दारात राहू द्यावा.

५. ग्रामसभेत उभे राहून बोलायची भीती वाटते. लोक हसतील, सरपंच गप्प बसवतील असे वाटते. काय करावे?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचाही हाच.

आधी वेळापत्रक लक्षात ठेवा. नियमित ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर महिन्यांत रविवारी होतात. त्याशिवाय २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबर या दिवसांच्या निमित्ताने खास सभा असतात. १९ डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन जत्रा-कार्यक्रमांच्या दिवसांत येतो, म्हणून डिसेंबरच्या सभेला माणसे कमी दिसतात. थोड्या लोकांनी तयारीने गेल्यास त्या सभेत बोलायला निवांत वेळ मिळतो.

आता तयारी. बोलायचा विषय आठवडाभर आधी लेखी देऊन पोच घ्या. कागद आधीच गेलेला असला की "हा विषय आज नाही" असे सांगणे सोपे जात नाही. सभेत तीन वाक्यांत बोला: काय अडचण आहे, किती घरांना आहे, पंचायतीने काय करावे. चौथे वाक्य घेऊ नका. रागाच्या सगळ्या गोष्टी तिथूनच सुरू होतात. ही तीन वाक्ये वर्गात आम्ही सगळ्यांकडून उभ्याने म्हणवून घेतो आणि बाकीचे मुद्दाम मध्येच बोलतात, कुजबुजतात, "बसा हो" म्हणतात. दोन-तीन वेळा असे झाले की खऱ्या सभेतला गोंगाट तेवढा अंगावर येत नाही.

एकटे उभे राहू नका. बोलणारी एक आणि तिच्या आजूबाजूला वाड्यावरच्या पाच-सहा बायका बसलेल्या असतील, तर आवाज आपोआप स्थिर होतो. सभा संपल्यावर सचिवांनी विषय इतिवृत्तात कसा नोंदवला हे विचारा. पुढच्या सभेत मागचे इतिवृत्त वाचले जाते तेव्हा कान देऊन ऐका. आपल्या विषयाची नोंद नसेल तर तेव्हाच सांगा.

ऑक्टोबरच्या सभेकडे विशेष लक्ष द्यावे. २ ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा तयार करण्याची मोहीम देशभर चालते. वाड्याचे काम त्या आराखड्यात गेले नाही, तर वर्षभर "निधी नाही" हेच ऐकावे लागते.

६. अर्ज मराठीत दिला तर चालतो का? पंचायतीची सगळी कागदपत्रे इंग्रजीत असतात.

चालतो. १९८७ च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या.

पण तेवढ्यावर थांबू नका. परवाना, निविदा, अंदाजपत्रक, ना हरकत दाखला हे सगळे इंग्रजीत येते हे खरे आहे. त्यासाठी पूर्ण भाषा यावी लागत नाही. वाड्यावर कॉलेजला जाणारी मुले असतात, त्यांना बरोबर घ्या. कागद हातात आला की तारीख, सर्व्हे नंबर, रक्कम, कामाची मुदत आणि सही कोणाची या पाच गोष्टी शोधायच्या. त्या सापडल्या की कागद निम्मा कळतो.

७. आमदारांना एक फोन केला की काम होते. मग इतका खटाटोप कशासाठी?

गोव्यात चाळीस मतदारसंघ आहेत आणि एकेका मतदारसंघात सरासरी तीस हजारांहूनही कमी मतदार. आमदार लग्नाला येतो, दुःखाच्या वेळी घरी येतो, नावाने हाक मारतो. देशात फार थोड्या ठिकाणी लोकप्रतिनिधी इतका जवळ असतो आणि ही चांगली गोष्ट आहे. फोन करू नका असे आम्ही कधीच सांगत नाही.

पण फोनवर झालेल्या कामाची नोंद कुठेच राहत नाही. पुढच्या पावसात तेच गटार तुंबले की पुन्हा फोन, पुन्हा विनंती. ज्याची ओळख नाही, ज्याने वेगळ्या पक्षाला मत दिले असा संशय आहे, जी बाई एकटी राहते, तिच्या घरासमोरचे काम मागे पडते. आणि गटार साफ करणे हे पंचायतीचेच काम आहे. घटनेच्या ७३व्या दुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींना घटनेत जे स्थान दिले आहे, ते आपण वापरलेच नाही तर पंचायत नुसती दाखले देणारी कचेरी होऊन राहते. आधी पंचायतीला लेखी द्या. नंतर आमदारांकडे जायचे झाले तर त्याच अर्जाची पोच घेऊन जा.

८. बायकांना घरचे सांभाळून वेळ कसा मिळणार?

वर्गाची वेळ बायका ठरवतात. काजूच्या हंगामात सत्तरीत वर्ग ठेवला तर कुणी येणार नाही, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधीचे पंधरा दिवस कुठेच ठेवू नये. दुपारी तीन ते साडेचार ही वेळ बहुतेक वाड्यांवर जमते.

स्वयंसाहाय्य गट किंवा महिला मंडळ आधीपासून चालू असेल तर अर्धे काम झालेले असते. दर महिन्याला जमणे, हिशेब वाचणे, कर्जाबद्दल अवघड प्रश्न तोंडावर विचारणे, हे त्या बायका करतच असतात. पंचायतींत एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव असतात आणि निवडून आल्यावर पतीनेच कारभार बघितल्याची उदाहरणे सगळ्यांना ठाऊक आहेत. निवडणुकीच्या खूप आधी, वाड्यावरच बोलण्याची सवय लागलेली बाई पंच झाली तर तिच्या खुर्चीवर दुसरे कोणी बसत नाही.

९. आम्ही म्हापशात फ्लॅटमध्ये राहतो. इथे ग्रामसभाच नाही. मग?

ही खरी अडचण आहे. नगरपालिका क्षेत्रात ग्रामसभेसारखे कायदेशीर व्यासपीठ नाही. घटनेच्या २४३ एस कलमाप्रमाणे प्रभाग समित्या बंधनकारक आहेत त्या तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांत. गोव्यातले एकही शहर तेवढे मोठे नाही. पणजी महानगरपालिकेत तीस प्रभाग आहेत, पण तिलाही हे बंधन लागू होत नाही.

म्हणून शहरात बैठक आपणच उभी करावी लागते. तुमची इमारत सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर वार्षिक सर्वसाधारण सभा आहेच, पण तिथे पार्किंग आणि पाण्याच्या टाकीपलीकडे विषय जात नाही. प्रभागातल्या चार-पाच इमारती आणि जुनी घरे मिळून दर दोन महिन्यांनी नगरसेवकांना बोलवा, विषय आधी लेखी द्या, झालेली चर्चा लिहून त्यांच्याकडे पाठवा. जुन्या घरांतली माणसे बोलावली नाहीत तर ती बैठक प्रभागाची होत नाही, एवढे ध्यानात ठेवा.

१०. मी भाड्याने राहतो, मूळ गोव्याचा नाही. मला यात जागा आहे का?

आहे. ग्रामसभेचे सदस्यत्व त्या पंचायतीच्या मतदारयादीवर ठरते, घराच्या मालकीवर नाही. नाव दुसरीकडे असेल तर फॉर्म ८ भरून पत्ता बदलता येतो, नव्या मतदारासाठी फॉर्म ६ असतो.

यादीत नाव येईपर्यंत ग्रामसभेत मत नसते, पण वाड्याच्या बैठकीला आणि आमच्या वर्गाला कसलीच आडकाठी नाही. मुले सरकारी शाळेत असतील तर शाळा व्यवस्थापन समितीही आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. आमच्या अनुभवात परप्रांतीय आईचा आवाज वाड्यावर पहिल्यांदा ऐकू येतो तो तिथूनच.

११. पैसे गोळा करावेत का? संस्था नोंदवावी का?

पहिले वर्षभर दोन्ही नको. पैसे आले की काम मागे पडते आणि संशय पुढे येतो. झेरॉक्स आणि चहापुरती वर्गणी लागलीच तर वहीत लिहून दर बैठकीत वाचावी. मोठे काम निघाले आणि नोंदणी करावीच लागली, तर बँकेत दोन सह्यांचे खाते काढा आणि त्यातली निदान एक सही अशा व्यक्तीची असू द्या जी बैठकीत सगळ्यात जास्त प्रश्न विचारते.

१२. अर्ज दिला, पोच घेतली (प्रश्न ६), पण पंचायत उत्तरच देत नाही. पुढे काय?

तीस दिवसांनी एक ओळीचे स्मरणपत्र. त्यानंतर माहितीचा अधिकार. गोव्याने स्वतःचा माहिती हक्क कायदा १९९७ सालीच केला होता, देशाचा कायदा २००५ मध्ये आला. अर्जाला दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ. तीस दिवसांत माहिती मिळाली पाहिजे. मिळाली नाही तर पहिले अपील तीस दिवसांत, दुसरे राज्य माहिती आयोगाकडे नव्वद दिवसांत.

प्रश्न कसा विचारता यावर सगळे अवलंबून आहे. "काम का केले नाही?" असे विचारले तर उत्तर टाळता येते. "अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या सर्व नोंदींच्या प्रती द्या" असे विचारा. कागद मागितला की कागद द्यावा लागतो.

माहिती अधिकाराआधी एक सौम्य वाटही आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झालेल्या स्वयंपूर्ण गोवा उपक्रमात पंचायतींसाठी सरकारी अधिकारी स्वयंपूर्ण मित्र म्हणून नेमलेले आहेत. तुमच्या पंचायतीचे मित्र कोण आणि ते कधी येतात हे सचिवांना विचारून ठेवा.

१३. सरपंच म्हणतात, "तुम्ही माझ्याविरुद्ध टोळी करताय." संबंध बिघडले तर?

वर्ग सुरू करण्याआधीच पंच आणि सरपंचांना जाऊन भेटा, वर्गाला बोलवा. अनेक पंचांना स्वतःलाही शिकायचे असते. जुन्या गोव्यात एला येथे असलेल्या गोवा लोकप्रशासन व ग्रामीण विकास संस्थेत पंचायत सदस्यांसाठी प्रशिक्षण होते. तिथून आलेल्या पंचांनी आमच्या वर्गात अंदाजपत्रक फार छान समजावले आहे.

काम झाले की सरपंचांचे आभार ग्रामसभेत उभे राहून, सगळ्यांसमोर माना. तक्रार करणारी माणसे त्यांना रोज भेटतात, आभार मानणारी क्वचित. पण बेकायदा गोष्टीबद्दल संबंध सांभाळण्यासाठी गप्प बसू नये. ती तक्रार गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी जावी आणि त्यावर एकाची नाही, निदान दहा घरांची सही असावी.

१४. आमची वर्षानुवर्षांची पायवाट भाटकाराने (जमीनमालकाने) कुंपण घालून बंद केली. वाड्याचा नेता कुंपण काढू शकतो का?

अजिबात नाही. रात्रीत कुंपण मोडले तर चूक आपल्या बाजूला येते आणि फौजदारी प्रकरण वाड्यातल्या पोरांवर होते.

आधी उतारा आणि सर्व्हे नकाशा काढून वाट दाखवली आहे का ते बघा (प्रश्न ३). मग मामलेदार कोर्ट कायदा, १९६६ खाली मामलेदारांकडे जाता येते. रहदारीच्या किंवा पाण्याच्या वाटेवरचा अडथळा हा त्यांच्या कक्षेतला विषय आहे. मुदत असते, म्हणून "चवथीनंतर बघू" म्हणू नका, त्याच आठवड्यात वकिलाला भेटा. ज्यांची घरे भाटात, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत, आहेत त्यांची मुंडकार (तिथे घर करून राहणारा) म्हणून नोंद आहे का हेही तपासा. १९७५ चा मुंडकार कायदा त्यांना हुसकावण्यापासून संरक्षण देतो. जमीन कोमुनिदादची (गावाची सामूहिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) असेल तर पंचायत तिच्यावर रस्ता ठरवू शकत नाही, कोमुनिदादच्या समितीकडे स्वतंत्र अर्ज लागतो.

या सगळ्यात नेत्याने करायचे ते हे: वाट कोण कोण, कधीपासून वापरतात याची यादी करणे, वयस्कर माणसांची नावे त्यात घेणे आणि भाटकाराशी बोलणे बंद न होऊ देणे. अर्धी प्रकरणे दोन हात वाट सोडून कुंपण सरकवण्यावर मिटतात.

१५. वर्गात शिकलेला माणूस निवडणुकीला उभा राहिला तर? आम्हाला वापरून घेतले असे वाटते.

वयाची एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या मतदाराला पंचायत निवडणूक लढवता येते आणि शिकलेला माणूस उभा राहिला तर आम्हाला वाईट वाटत नाही. फक्त एक शिस्त पाळावी. उमेदवारीचा विचार पक्का झाला त्याच दिवशी वाड्याला सांगावे, वही आणि संपर्कयादी दुसऱ्याकडे द्यावी, वाड्याच्या व्हॉट्सॲप गटात प्रचार करू नये. हरला तरी परत यायची दारे उघडी राहतात ती एवढ्यामुळेच. म्हणूनच प्रश्न २ मध्ये तीन-चार जणांचा आग्रह धरला आहे.

१६. एका घरात मारहाण होते, सगळ्यांना माहीत आहे. लहान मुलीबद्दलही काहीतरी कानावर आले. "घराण्याची अब्रू जाईल, तुम्हीच मिटवा" असे सांगतात. नेत्याने मध्यस्थी करावी का?

नाही. इथे मध्यस्थी नाही.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती ज्याला आहे त्याने ती पोलिसांना देणे पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे बंधनकारक आहे. न दिल्यास शिक्षेची तरतूद आहे. बैठक बोलवू नका, मुलीला पुन्हा पुन्हा विचारू नका, तिचे नाव गटात लिहू नका. १०९८ किंवा ११२ ला फोन करा. नवऱ्याकडून किंवा सासरकडून होणाऱ्या हिंसेबाबत २००५ च्या कायद्यात संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत आणि महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. तिथे मात्र पुढचे पाऊल कोणते हे त्या बाईने ठरवायचे. जीव धोक्यात दिसला तर तेवढ्यापुरता तिच्या होकाराची वाट न बघता ११२.

नेत्याच्या हातात त्यानंतरची बरीच कामे उरतात. रात्री तिला कुठे थांबता येईल, पोलीस ठाण्यात सोबत कोण जाईल, मुलांच्या शाळेचे काय, वाड्यावर कुजबुज सुरू झाली तर ती कोणी थांबवायची. ही नावे आधीच ठरवून ठेवा, गरज पडेल त्या दिवशी शोधायला वेळ नसतो.